दुसरा घाव

२०२४ च्या ऑक्टोबरातली, दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. निफाड तालुक्यात मळ्यात आमची वस्ती आहे. चाळीतला शेवटचा उन्हाळ कांदा विकला होता. पैसे बँकेत टाकायचे राहिले, कपाटातच होते. ही पहिली चूक.

रात्री अडीचला मागच्या दाराचा कोयंडा तुटल्याचा आवाज आला. बायकोने ११२ ला फोन लावला. मी कॉटखालची कुऱ्हाड घेतली. आई पलीकडच्या खोलीत होती, त्यामुळे आतून कडी लावून बसणं शक्य नव्हतं. स्वयंपाकघरात एक जण उभा होता. हातात पहार. त्याने ती उगारली. मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने त्याच्या मनगटावर मारलं. पहार फरशीवर पडली आणि तो आला तसा पळाला.

मी मागे धावलो. अंगणात ठिबकच्या नळ्यांच्या वेटोळ्यात पाय अडकून तो पालथा पडला. हात रिकामे. "काका, नका मारू," म्हणाला. आवाजावरून माझ्या मुलाएवढाच असावा. तरी मी पायावर तुंबा घातला. तेव्हा भीती नव्हती, राग होता. कुऱ्हाड पुन्हा वर गेली तेव्हा बायकोने मागून माझा दंड धरला. "अहो, पडलाय तो!" खरं सांगतो, त्या वेळी माझी नजर त्याच्या डोक्यावर होती.

आवाज ऐकून शेजारचे अण्णा आले. म्हणाले, "पहार आणून याच्याजवळ टाका. अंगावर आला म्हणा." मला ते पटलंही होतं. बायकोने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि कशालाच हात लावू दिला नाही. पोलीस पाऊण तासाने आले. पंचनाम्यात पहार फरशीवर सापडली. तो पंचनामाच पुढे माझा आधार ठरला, कारण स्वसंरक्षणासाठी मारलं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते.

हो, आरोपी मीही झालो. त्याच्यावर घरफोडीचा गुन्हा, माझ्यावर गंभीर दुखापतीचा. त्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं.

वकिलांनी भारतीय न्याय संहिता पुढ्यात ठेवली. १ जुलै २०२४ पासून हाच कायदा आहे. रात्री घर फोडून शिरलेल्याला रोखताना त्याचा जीव गेला तरी कलम ४१ संरक्षण देतं. पण त्याला ३७ चा लगाम आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि ४३ म्हणतं, घरफोडीविरुद्धचा हा हक्क तो घरात आहे तोवरच. "मनगटावरचा घाव यात बसतो, नडगीवरचा बसवणं अवघड," वकील म्हणाले. "तिसरा डोक्यात बसला असता तर सदोष मनुष्यवध, कदाचित खूनही."

त्यानंतर अण्णांनी कुंपणात करंट सोडायचं काढलं. मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसलो. रात्रीची वीज आली की सालगडी पाणी द्यायला निघतो, तारेला तो आणि चोर सारखेच. चोरच सापडला तरी बटण बंद करायला तिथे कोणी नसतं. शेवटी त्यांनी तार काढली.

केस चालू आहे. मागच्या दाराला आता लाकडी अडसर आहे, अंगणात रात्रभर दिवा असतो. कुऱ्हाड गोठ्यात ठेवतो.