बाऱ्हाळीचा ‘ऱ्ह’: लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना उलगडलेला इतिहास

१/ मुखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी २००३ साली तालुक्यातील गावांच्या नोंदी संगणकावर उतरवून घेतल्या. दशरथेश्वर मंदिराची शिल्पे, बारवा, वीरगळ, गावांच्या नावांमागील आख्यायिका असा तो ऐवज होता. २०२५ मध्ये नातीने ती फाईल घरातल्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे उमटली. “आजोबा, हे मराठी नाही. काहीतरी भलतंच दिसायलंय.” गुरुजी चष्मा सावरत म्हणाले, “अगं, मीच लिहिलंय ते.”

२/ नातीपुढे त्या वेळी वेगळाच प्रश्न होता. घरातला लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅमचा, विंडोज १० वर चालणारा. त्या आवृत्तीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आता विंडोज ११ चे नवे यंत्र घ्यावे, मॅक घ्यावा, की जुन्यावरच लिनक्स बसवावे? किंमत आणि वेग यांची तुलना तिने केली होती. गुरुजींच्या फाईलने त्यात तिसरा निकष आणला: आज लिहिलेले वीस वर्षांनी वाचता येईल का?

३/ हा प्रश्न मुखेडच्या मातीला नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. दरबारी व्यवहार उर्दूत, जुना गावगाडा आणि सावकारी हिशेब मोडीत, तर पोथ्या बालबोध देवनागरीत. पुढे उर्दूचे राज्य गेले, मोडी शाळांतून हद्दपार झाली, आणि घरोघरच्या पेटीतले कागद नातवंडांसाठी मुके झाले. कागद शाबूत असतो, पण वाचणारा उरत नाही. गुरुजींच्या फाईलचे तेच झाले होते; फरक इतकाच की यासाठी दोन पिढ्यांऐवजी दोन दशके पुरली.

४/ असे का घडले? संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हे ठरवणारा तक्ता सर्वांचा एक असावा लागतो. भारतात तो विचार लवकर झाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्यातील सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले, आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे.

५/ बाजारात मात्र निराळीच सोय रुळली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट आले. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच. तो विशिष्ट फॉन्ट असेल तरच डोळ्यांना मराठी दिसणार. प्रत्येक फॉन्टचा तक्ता स्वतंत्र. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय होती, पण तालुक्याच्या गावी विंडोज ९८ सर्रास चाले आणि छपाईची पानजुळणी जुन्याच फॉन्टांत होई. एक्सपीमध्येही ही सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागे. गुरुजींनी वापरलेला फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला.

६/ फाईल परत मिळवणे अशक्य नव्हते. नातीने त्या फॉन्टचा तक्ता जुळवणारा परिवर्तक वापरला. तरी चुका राहिल्या. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफाराचे याच्या उलट. ही हलवाहलव जिथे फसली तिथे शब्द मोडले. आठवडाभर आजोबा छापील प्रत वाचत होते आणि नात पडद्यावर दुरुस्त करत होती.

७/ सर्वांत हट्टी निघाले ते गावाचे नाव: बाऱ्हाळी. परिवर्तकाने ते सरळ ‘बार्हाळी’ केले. मराठीचा हा अर्धा ‘ऱ’ हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो: ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही दिसतात सारखेच. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. एका पद्धतीने लिहिलेली बाऱ्हाळी दुसऱ्या पद्धतीने शोधली तर बहुतेकदा सापडत नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. नातीने मग बाऱ्हाळी, मुक्रमाबाद, ॲप आणि शाळा हे चार शब्द प्रत्येक प्रणालीवर लिहून पाहायचे ठरवले.

८/ विंडोज. इथे इनस्क्रिप्ट कळफलक आहे आणि २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही आहे. टॅली, आधारची बोटठशाची यंत्रे, गल्लीतल्या दुकानातला प्रिंटर यांची जुळणी इथे सर्वांत निर्वेध, आणि बिघाड झाल्यास दुरुस्त करणाराही जवळ सापडतो. उणीव ही, की विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून धडधाकट जुने यंत्रही बाद ठरते.

९/ मॅक. देवनागरी कळफलक आणि सुबक फॉन्ट यंत्रासोबतच येतात. २०२० पासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपमुळे बॅटरी दीर्घकाळ टिकते, आणि वीज जाणाऱ्या गावी ही किरकोळ बाब नाही. पण ही प्रणाली ॲपलच्याच यंत्रासाठी बनवलेली आहे. तिची किंमत, दुरुस्तीसाठीचे अंतर आणि केवळ विंडोजसाठी बनलेली व्यवहारोपयोगी सॉफ्टवेअर, हे तिन्ही हिशेबात धरावे लागतात.

१०/ लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेले, विनामूल्य, कोणालाही बदलता येणारे. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती काढली. एक्सएफसीईसारख्या हलक्या मांडणीसह ते ४ जीबी रॅमवरही सुखाने चालते. उच्चारानुसारी आणि इनस्क्रिप्ट असे दोन्ही कळफलक मिळतात. अडचणीही खऱ्या आहेत: काही प्रिंटर रुसतात, टॅली सरळ चालत नाही, आणि वर्डमध्ये बनवलेल्या फाईलची मांडणी कधी कधी विस्कटते.

११/ इथे एका मराठी माणसाचे स्मरण आवश्यक आहे. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी विंडोजचा ‘मंगल’ फॉन्ट घडवला. मुक्त परवान्याचा ‘रघू’ हाही त्यांच्याच हातचा. म्हणजे परस्परांच्या स्पर्धक गणल्या जाणाऱ्या दोन प्रणालींत एकाच हाताचे वळण उतरले. तरीही ‘मंगल’मधले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि लिपीचे प्रमाणीकरण केले. नव्या फॉन्टांत मराठी वळणाची सोय असली, तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नसेल तर ‘शाळा’चा ‘श’ पुन्हा हिंदीच उमटतो. हा दोष एकट्या प्रणालीचा नव्हे. तो वापरणाऱ्याच्या अनवधानाचाही आहे.

१२/ निर्णय काय झाला? नातीने आधी लिनक्स पेनड्राईव्हवरूनच चालवून पाहिले. त्यात मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. चारही शब्द नीट उमटले आणि जुना लॅपटॉप पुन्हा हलका झाला. तो गुरुजींच्या लेखनासाठी राहिला. महाविद्यालयाचे काम आणि ऑनलाइन अर्ज यांसाठी तिने विंडोजचे साधे यंत्र घेतले. मॅक खिशाबाहेर होता, इतकेच.

१३/ नोंदींची फाईल मात्र दोन्हीकडे सारखीच उघडते. मजकूर युनिकोडमध्ये, ‘ऱ’ सर्वत्र एकाच पद्धतीने, आणि साठवण ओडीएफ या २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या स्वरूपात. शिवाय एक प्रत निव्वळ मजकुराची आणि एक कागदावर. प्रणाली बदलतील, कंपन्या बदलतील. म्हणून ऐवज कोणा एकीच्या स्वाधीन करायचा नसतो.

१४/ तुमच्याही घरी २००० च्या आसपासची एखादी मराठी फाईल पडून असेल: वंशावळ, गावाचा इतिहास, आजीच्या ओव्या. ज्यांना ती मूळची पाठ आहे ते हयात आहेत, तोवर ती उघडा. परिवर्तकाने चुकवलेला ‘ऱ्ह’ ओळखायला गुरुजी शेजारी बसले होते, म्हणून बाऱ्हाळी बाऱ्हाळीच राहिली.