छंदाचे दप्तर: हौशी पाणबुड्यांनी जपलेला इतिहास

१/ ११ ऑक्टोबर १९८२. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलंट सामुद्रधुनीतून एका जुन्या लाकडी जहाजाचा सांगाडा क्रेनने वर उचलला गेला. राजा आठवा हेन्री याचे हे लढाऊ जहाज, ‘मेरी रोझ’, १९ जुलै १५४५ रोजी फ्रेंच आरमाराशी झुंजताना बुडाले होते. ४३७ वर्षांनंतरचा तो क्षण लक्षावधी लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. त्यामागची कागदपत्रे मात्र फारशी कोणी पाहिली नाहीत. हा थ्रेड त्या कागदांविषयी.

२/ १९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमील गान्यां यांनी ‘ॲक्वालंग’ सिद्ध केले. हवेची टाकी पाठीवर आली आणि पाणबुड्या बोटीच्या नळीतून मोकळा झाला. धंदेवाईकांचे काम हौशी माणसांच्या आवाक्यात आले. १५ ऑक्टोबर १९५३ रोजी लंडनमध्ये ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ‘ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब’ स्थापन केला. पुढे गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या.

३/ शाखा आली की दप्तर आले. बैठकांची इतिवृत्ते, प्रशिक्षणाच्या नोंदी, आणि प्रत्येक सभासदाची बुडीवही. तारीख, ठिकाण, खोली, पाण्याखालील मिनिटे, दृश्यमानता, जोडीदाराचे नाव. खोली आणि वेळ लिहिणे ही हौस नव्हे. शरीरात किती नायट्रोजन विरघळला आणि वर येताना किती थांबावे, हे त्यावर ठरते. जीव वाचवण्यासाठी लिहिलेली नोंद पुढे इतिहासाचे साधन होते, ते असे.

४/ १९६५ मध्ये लेखक व हौशी पाणबुडे अलेक्झांडर मॅकी यांनी क्लबच्या साउथसी शाखेच्या साथीने सोलंटमधील बुडालेल्या जहाजांचा शोध आरंभिला. अडचण अशी की तळाशी सपाट गाळ होता. जहाज त्या गाळाखाली, आणि वर खूण नाही. डोळ्यांनी शोधण्यासारखे तेथे काहीच नव्हते.

५/ वाट सापडली ती एका दप्तरखान्यात. १८३६ मध्ये जॉन डीन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिरस्त्राण घालून याच जागी बुडी मारली होती आणि तोफा वर काढल्या होत्या. नंतर ती जागा विस्मरणात गेली. परंतु १८४१ च्या एका आरमारी नकाशावर तिची खूण झालेली होती. सव्वाशे वर्षे कोणाच्याही उपयोगी न पडलेला तो कागद कोणी फेकून दिला नव्हता, म्हणून १९६६ मध्ये तो मॅकी यांच्या हाती आला.

६/ १९६७ मध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांच्या ध्वनियंत्रांनी गाळाखाली काहीतरी दडल्याचे दाखवले. बुडालेल्या जहाजांना संरक्षण देणारा कायदा तेव्हा नव्हता. लुटारूंना रोखण्यासाठी शोधकांनी चक्क समुद्रतळाचा तो तुकडाच भाड्याने घेतला. ५ मे १९७१ रोजी पर्सी ॲकलंड या पाणबुड्याला जहाजाच्या फासळ्या दिसल्या. कायदा झाला तो १९७३ मध्ये.

७/ पुढील उत्खननात सुमारे ५०० स्वयंसेवी पाणबुडे उतरले; जवळपास २८ हजार बुड्या झाल्या. उत्खननाच्या प्रमुख मार्गारेट रूल या मूळच्या जमिनीवरच्या पुरातत्त्वज्ञ. तळ स्वतः पाहता यावा म्हणून त्या बुडी मारायला शिकल्या. १९ हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. कंगवा कोणत्या थरात, कोणत्या पेटीत, कोणाच्या अस्थींजवळ सापडला, हे लिहिलेले असेल तरच तो १५४५ विषयी बोलतो. नोंद नसलेला कंगवा म्हणजे केवळ जुना कंगवा.

८/ या दप्तराला दुःखाचीही बाजू आहे. ३ डिसेंबर १९६२ रोजी कॅलिफोर्नियाजवळील कॅटलिना बेटापाशी, सुमारे ३०० मीटर खोलीच्या एका प्रायोगिक बुडीत पीटर स्मॉल यांचा मृत्यू झाला. क्लब अवघा नऊ वर्षांचा होता. आरंभीच्या दिवसांविषयी विचारावे असा एक संस्थापक कायमचा गेला. मागे राहिले ते कागद, आणि ‘ट्रायटन’ या क्लबच्या मासिकाचे अंक.

९/ अपघातांची नोंद हा या क्लबच्या दप्तराचा बहुधा सर्वांत मोलाचा भाग. ब्रिटनमधील बुडी-अपघातांचा वार्षिक अहवाल क्लब दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्यात माणसांची नावे नसतात, घटनाक्रम असतो: हवा कोठे संपली, कोण वेगाने वर आले, जोडीदार केव्हा दृष्टीआड झाला. संस्था सहसा आपले विजय जपतात. येथे चुकाही जपल्या गेल्या, कारण दुसऱ्याची चूक वाचून आपली टळते.

१०/ तरीही छंदी मंडळाचे कागद फार लवकर हरवतात. शाखा बंद पडते, चिटणीस बदलतो, रंगीत स्लाइड फिकट होतात, आणि आजोबांच्या बुडीवहीतील आकड्यांचा अर्थ घरच्यांना लागत नाही. राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून रुमाल गोळा करीत हिंडले, तेव्हाही कित्येक घरांना ते कागद म्हणजे अडगळच वाटत होती.

११/ १९९० मध्ये ब्रिटनमध्ये ‘हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटी’ स्थापन झाली. तिने आपले संग्रहालय उभारले ते गॉस्पोर्टला, त्याच सोलंटच्या काठी. पण सर्वच काम संग्रहालयावर सोडता येत नाही. छायाचित्रामागे पेन्सिलीने नाव, ठिकाण व वर्ष लिहिणे, वह्यांचा मूळ क्रम न मोडणे, कोणाच्या आजाराची माहिती असलेले कागद वेगळे ठेवणे, एवढे तर कोणताही चिटणीस करू शकतो.

१२/ ‘मेरी रोझ’ला गाळाने जपले. गाळात प्राणवायू पोहोचत नव्हता, म्हणून लाकूड टिकले. कागदाला असा गाळ लाभत नाही. त्याला जपायला माणूसच लागतो. आणि १८४१ चा तो नकाशा जपणाऱ्याला आपण काय जपतो आहोत, याची कल्पनाही नव्हती.