तोफांच्या माऱ्यातलं मैदान

शाळेत असताना आझाद मैदान म्हणजे एकमेकींत घुसलेल्या डझनभर मॅचेस. आमचा थर्डमॅन शेजारच्या मॅचच्या मिड-ऑनला जवळपास पाठ टेकून उभा. 'बॉल, बॉल' अशी ओरड झाली की तो कुणाचा ते आधी बघायचं, मग पळायचं. पुढे चर्चगेटला नोकरी लागली आणि व्हीटीला उतरून हेच मैदान तुडवत जाणं रोजचं झालं. एवढी मोकळी जागा मुंबईत उरली कशी, हा प्रश्न तेव्हा पडला. उत्तर साधं होतं. कंपनी सरकारला कोटासमोर तोफांचा मारा अडायला नको होता, म्हणून तिथे बांधकामाला मनाई होती. कोट पाडला गेला १८६० च्या दशकात. ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही त्या मोकळ्या पट्ट्याची उरलेली मैदानं.

निवृत्तीनंतर ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावर गेलो, तर शहराच्या ऐन मध्यावर तसंच मैदान: स्पियानाडा. इथे चारेकशे वर्षं, १७९७ पर्यंत, व्हेनिसचं राज्य होतं. १५३७ मध्ये तुर्कांनी वेढा घातला, तेव्हा तटाबाहेरच्या वस्तीची धूळधाण झाली. त्यानंतर व्हेनिसवाल्यांनी जुन्या किल्ल्यासमोरची घरं पाडून माऱ्याची जागा मोकळी केली. किल्ला आणि शहर यांच्यामध्ये आजही समुद्राच्या पाण्याचा खंदक आहे. पुलावरून खाली पाहिलं तर कोळ्यांच्या होड्या बांधलेल्या दिसतात.

मग फ्रेंच आले. मैदानाच्या कडेची लिस्टन ही कमानींची इमारत त्यांच्या काळातली. त्यांच्यामागून इंग्रज आले आणि १८२३ मध्ये या मैदानावर क्रिकेट सुरू झालं. १८६४ मध्ये ते बेट ग्रीसच्या हवाली करून गेले. खेळ मात्र राहिला. ग्रीसच्या क्रिकेट महासंघाचं ठाणं आजही अथेन्समध्ये नसून इथेच आहे.

लिस्टनच्या कमानीखाली बसून मी चित्सिबिरा मागवलं. हेही इंग्रजांचंच देणं: आलं-लिंबाचं, फसफसणारं, आपल्या सोडा-लिंबाला जवळचं. समोर मॅटिंगवर सामना चालला होता. चेंडू पॅडवर आदळला, अपील झालं, अंपायर ढिम्म. गोलंदाज ग्रीकमध्ये काय बोलला ते कळायला भाषेची गरज नव्हती. माझ्या मते प्लंब होता.

कॉर्फूला येणारे बहुतेक जण थेट समुद्रकिनारे गाठतात. त्यांनी एक दुपार इथे द्यावी. मैदानाच्या उत्तर टोकाला इंग्रज हाय कमिशनरचा राजवाडा आहे. त्यात आता आशियाई कलेचं संग्रहालय आहे, आपल्याकडची शिल्पंही तिथे भेटतात. पश्चिमेकडच्या बोळांत शिरलं की दोरीवरचे कपडे डोक्यावर येतात, इतकी घरं एकमेकांना खेटून. तटाच्या आत जागाच नव्हती, म्हणून माणसं मजल्यावर मजले चढवत गेली. त्या दाटीतून बाहेर आल्यावर स्पियानाडाची किंमत कळते.

मैदानाचा एक भाग गाड्यांच्या पार्किंगने गिळलाय. तुर्कांना जे जमलं नाही ते गाड्यांना जमू नये, यासाठी कॉर्फूकरांनी आता त्या पार्किंगवर पहारा ठेवावा.