कापसाचा हिशेब, सी आणि पायथॉनमध्ये

माझी भाची बीसीएला गेली, त्याआधीच तिच्या पायथॉनची ओळख मला झाली. सुट्टीत मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ती ही भाषा शिकली होती. मला येत होती ती सी. देवळीहून वर्ध्याला एसटीने ये-जा करत बी.एस्सी. केलं, तेव्हा कॉम्प्युटर लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा असायचा आणि पिशवीत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’. पुढे मी गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले आणि सी मागे पडली. भाचीच्या पहिल्या सत्रात सी आली, तशी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मग आम्ही ठरवलं की सराव-उदाहरण एकच घ्यायचं. मी सीमध्ये सोडवायचं, तिनं पायथॉनमध्ये, आणि मग एकमेकींचं वाचायचं.

उदाहरणं नेहमीचीच: सम की विषम, लीप वर्ष, फॅक्टोरियल, उलटी संख्या, चांदण्यांचा त्रिकोण. पहिल्याच बेरजेला तिचा प्रोग्राम तीन ओळींत संपला. माझ्या पडद्यावर तोवर हेडर फाइल, मेन, महिरपी कंस आणि ओळीओळीला अर्धविराम.

“काहून वं मावशी, दोन आकड्यांच्या बेरजेले एवढं लिहावं लागते?”

मी तिला सीचा काळ सांगितला. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती युनिक्ससारखी प्रणाली लिहिण्यासाठी. तेव्हा मेमरी तुटपुंजी होती. कोणत्या आकड्याला किती जागा लागेल, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यानं आधीच सांगायचं. नेदरलँड्सच्या गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथॉनचं काम सुरू केलं आणि १९९१मध्ये ती लोकांपुढे आली. तिथं भर वाचणाऱ्याच्या सोयीवर आहे, म्हणून कंसांऐवजी ओळी आत सरकवून लिहायच्या आणि जागेची चिंता भाषेनं वाहायची. भाचीचं समाधान झालं नाही. तिच्या दृष्टीनं माझी भाषा लांबलचक ती लांबलचकच.

लीप वर्षाला मात्र दोघी एकाच ठिकाणी अडलो. चारनं भाग जातो एवढं पुरत नाही. शंभरनं भाग जाणारं वर्ष वगळायचं आणि त्यातूनही चारशेनं जाणारं परत आत घ्यायचं. १९०० लीप नाही, २००० आहे. या अटी कोणत्या क्रमानं लावायच्या याचा विचार दोघींनाही सारखाच करावा लागला. इथं भाषेचा काही संबंध नव्हता, अडचण कॅलेंडरची होती.

मग मी घरचंच उदाहरण घातलं. आमच्याकडे कापूस किलोत मोजतात आणि भाव क्विंटलचा असतो. वजन १३४० किलो, भाव ७००० रुपये धरायचा. किलोंना १०० नं भागायचं आणि भावानं गुणायचं. तिचं उत्तर आलं ९३८००, माझं ९१०००.

“मावशी, चाळीस किलो कापूस कुठं गेला? बाबा तर काट्यावरच भांडले असते!”

सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं. १३४० भागिले १०० म्हणजे १३, वरचे चाळीस किलो कुठलीही सूचना न देता गायब. तिच्या पायथॉनमध्ये साध्या भागाकाराचं उत्तर १३.४ येतं आणि पूर्ण भाग हवा असेल तर दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. जुन्या पायथॉनमध्येही दोन पूर्णांकांचा भागाकार सीसारखाच व्हायचा, २००८च्या तिसऱ्या आवृत्तीनं तो बदलला. माझ्या प्रोग्रामला उपाय सोपा होता, आधी गुणायचं आणि मग भागायचं. पण त्या दिवसापासून भाची माझ्या ओळी लक्ष देऊन वाचू लागली.

फॅक्टोरियलला पुन्हा उत्तरं वेगळी आली. १२ पर्यंत दोघींचं जुळलं: ४७,९०,०१,६००. तेराला तिच्याकडे सहा अब्जांच्या वरची संख्या, माझ्याकडे १,९३,२०,५३,५०४. सीच्या इंटला आजच्या लॅपटॉपवर ३२ बिटांची जागा मिळते, त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचं मावत नाही. कॉलेजच्या टर्बो सीमध्ये जागा याच्या निम्मी, त्यामुळे आठच्या फॅक्टोरियललाच ४०३२० ऐवजी उणे २५२१६ यायचं. उणे उत्तर निदान डोळ्यांत खुपतं, हे तेराचं उत्तर अगदी खरं वाटतं. पायथॉन पूर्णांकाला लागेल तशी जागा वाढवत नेतो. शंभरचं फॅक्टोरियल मागितलं तर त्यानं १५८ अंकी संख्या छापली. भाचीला यात काही विशेष वाटेना. जागा संपू शकते, हेच तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सम-विषममध्येही असंच. दोननं भागून बाकी एक आली तर विषम, असं दोघींनी लिहिलं. मी उणे सात दिले. पायथॉननं बाकी एक काढली आणि विषम म्हणाला. सीमध्ये बाकीला भाज्याचंच चिन्ह लागतं, म्हणून ती उणे एक आली आणि उणे सात सम ठरले. ‘बाकी शून्य नाही’ असं विचारलं की दोन्हीकडे उत्तर बरोबर येतं.

एव्हाना भाचीनं वहीत दोन रकाने पाडले होते, एक ‘प्रश्नाची अडचण’ आणि दुसरा ‘भाषेची अडचण’. लीप वर्ष पहिल्यात गेलं, चाळीस किलो कापूस दुसऱ्यात. एकाच भाषेत सोडवत बसलो असतो तर हे रकाने पाडताच आले नसते. तिला सगळं सोपं वाटत राहिलं असतं आणि मला सगळं अवघड.

तिला खरी मजा आली ती कापरेकरांच्या संख्येत. द. रा. कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवायचे. १९४९मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेतलं तर ३०८७, ८३५२, ६१७४.

भाचीनं संख्येची अक्षरं करून ती क्रमानं लावली. दोन-तीन ओळींत काम झालं. मी दहानं भागत चार वेळा बाकी काढली, अंक अ‍ॅरेत ठेवले, क्रम लावला आणि पुन्हा संख्या जुळवली. मग १११२ दिले. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. तिच्या प्रोग्रामला तीनच अक्षरं दिसली, ९९९ मधून ९९९ गेले आणि शून्य उरलं. माझा प्रोग्राम चार वेळा भागणारच होता, त्याला चौथा अंक शून्य आपोआप मिळाला. तो ८९९१, ८०८२, ८५३२ वरून ६१७४ला पोचला.

“तुया लांबलचकपणाचा फायदा झाला म्हणायचा,” ती म्हणाली आणि पुढे शून्य जोडणारी सोय शोधून तिनं आपलं दुरुस्त केलं.

आता पाच अंकी संख्या घेतल्या आहेत. तिथं सगळ्यांचा शेवट एका संख्येवर होत नाही. संख्या एखाद्या फेऱ्यात शिरते आणि तेच तेच आकडे परत येत राहतात, उदाहरणार्थ ५३९५५ आणि ५९९९४. तेव्हा प्रोग्राम थांबवायचा कसा? येऊन गेलेल्या संख्या लक्षात ठेवायला तिला पायथॉनचा सेट आयता मिळेल, मला एक लाख खणांचा अ‍ॅरे मांडून खुणा कराव्या लागतील. ते दुसऱ्या रकान्यातलं. पहिल्या रकान्यात तिनं स्वतःच लिहिलं आहे: ‘आधी आलेली संख्या पुन्हा आली की थांबायचं.’ हे सुचायला तिला पायथॉन लागला नाही, मला सी लागली नाही.