जुन्या वाटेने

मोटारसायकल हे लग्नाआधी घ्यायचे आणि लग्नानंतर विकायचे वाहन आहे, असे आमच्या घरात सर्वानुमते ठरलेले आहे. या 'सर्वानुमते'त माझे मत धरलेले नाही, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे गेल्या फाल्गुनात आम्ही सहा मित्र सहा गाड्या घेऊन निघालो, तेव्हा दारात ओवाळायला कोणी आले नाही. आम्हां सहा जणांच्या वयांची बेरीज साडेतीनशेच्या घरात जाते. घरच्यांचा राग अगदीच अनाठायी होता, असे म्हणवत नाही.

या उपद्व्यापाला निमित्त झाले ते माझ्या अमेरिकेतल्या भाच्याचे. मोहावी वाळवंटातून जाणाऱ्या 'रूट ६६' या जुन्या रस्त्याने तो मित्रांबरोबर मोटारसायकलवरून भटकून आला. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा हा रस्ता १९२६ साली ठरला. पुढे शेजारून रुंद, वेगवान मार्ग झाले आणि १९८५ साली सरकारने त्याचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले. आता तिथले ओस पेट्रोलपंप आणि पडकी उपाहारगृहे पाहायला माणसे पदरचे पैसे मोडून जातात म्हणे! भाच्याने फोटो पाठवले आणि खाली लिहिले, 'मामा, असले काही तुमच्याकडे नाही.'

वाळवंट आमच्या वाशीम जिल्ह्यात नाही, हे खरे. पण फाल्गुनात कारंज्याहून मालेगावकडे जाऊन पाहावे. हरभरा निघालेला, तुराट्या आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचलेले, आणि त्या उघड्या काळ्या रानात मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा उभा. बाकी सारे ऊन. रस्ता म्हणाल तर नागपूरहून कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा करीत जालन्याकडे जाणारा हा आमचा जुना रस्ता. त्याच्या शेजारून समृद्धी महामार्ग झाला. ७०१ किलोमीटर लांब, दहा जिल्ह्यांतून जाणारा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो पुरा झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा आम्ही जुन्या वाटेने गेलो यात आमची रसिकता फारशी नाही. नव्या वाटेने आम्हांला कोणी जाऊच दिले नसते!

कारंज्यात शकुंतलेचे रूळ पाहून पुढे जावे, असा गुरुजींचा आग्रह. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी. कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात झाली आणि १९९४ सालापर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. आता बंद आहे. रुळांत गवत वाढलेले आणि त्यात एक शेळी निवांत चरत होती. गुरुजी बराच वेळ टोपी काढून उभे राहिले. निवृत्त शिक्षकांना असे उभे राहायला आवडते.

आमच्यातला नायक मात्र हसला. त्याचे आडनाव वेगळेच. पणजोबा तांड्याचे नायक होते म्हणून आम्ही त्याला नायक म्हणतो. घर मानोऱ्याकडचे, पोहरादेवीच्या बाजूचे. तो म्हणाला, "गुरुजी, या गाडीसाठी रडता, आमची लदेणी या गाड्यांनीच बुडवली."

लदेणी म्हणजे बंजाऱ्यांचा बैलांच्या पाठीवरून चालणारा व्यापार. बैलाच्या पाठीवर गोणी टाकायची आणि शेकडो बैलांचा तांडा हाकायचा. जाताना धान्य, येताना मीठ. फौजांना दाणागोटा पुरवणारेही हेच. वऱ्हाडचा कापूस असा बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली आणि बैलांचे काम सरले. नायकाच्या घरात अजून एक पितळी घंटा टांगलेली आहे. पुढच्या बैलाच्या गळ्यातली. बैल एकेक करून विकले, घंटा तेवढी राहिली.

गुरुजींनी मग वाकाटकांपर्यंत मजल मारली. वाशीम म्हणजे वत्सगुल्म. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. तेव्हा वाशीमहून अजिंठ्याकडे माणसांची ये-जा असणारच. ती नेमक्या याच वाटेने होती, असे गुरुजी म्हणाले. पुरावा विचारल्यावर त्यांनी गाडी पुढे काढली.

शेलूबाजारला चहाला थांबलो. हॉटेल म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि चार बाकडी. दहा बाकडी भिंतीला उलटी लावून ठेवलेली. हॉटेलवाल्या म्हातारीने नायकाला ओळखले. "पोरगा येत नाही आता," ती म्हणाली. नायकाचा मुलगा कर्जाने घेतलेला ट्रक चालवतो. पूर्वी नागपूरहून येताना रात्री इथेच जेवायचा.

"तो आता वरून जातो, आजी."

"सारेच वरून जातेत बाप्पा. पयले रातभर भट्टी इझत नव्हती." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, दर सांगावा तसे सांगितले. नायक चहाच्या पेल्याकडे पाहत राहिला. पोराचा डिझेलचा आणि वेळेचा हिशेब त्याला ठाऊक होता. नव्या रस्त्यामुळेच हप्ते वेळेवर जात होते. निघताना म्हातारीने दोन भाकरी आणि ठेचा कागदात बांधून दिला. "पोराला दे."

इतक्यात पोराचाच फोन आला. तो कारंज्याच्या पुढे आला होता. नायकाने आम्हांला मुख्य रस्ता सोडून एका पुलाखाली नेले. वर समृद्धी, खाली आम्ही सहा म्हातारे माना वर करून. पोर म्हणाला होता, थांबता येणार नाही, हॉर्न देतो. खालून ट्रक दिसत नाहीत, फक्त घरघर ऐकू येते. एक गेला. दुसऱ्याने हॉर्न दिला, आणि लगोलग तिसऱ्यानेही दिला. नायक दोन्ही वेळा हात वर करून उभा होता.

मालेगावला जेवायला बसलो तेव्हा दुपार टळली होती. ताटे यायला उशीर लागला. गुरुजींची नजर त्या कागदाच्या पुडक्याकडे गेली. नायकाने ते उचलून आपल्या मांडीवर घेतले.