उत्तर न देणारा सिनेमा

परभणी, मे महिना. रात्र झाली तरी उकाडा हटत नाही.

ली चांग-डोंग यांचा ‘बर्निंग’ (२०१८) पुन्हा पाहिला. मुराकामींच्या कथेवर बेतलेला, जवळजवळ अडीच तासांचा. घाईत असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

जोंग-सू शिकलेला, लेखक व्हायचंय, पण हाताला धड काम नाही. बाप तुरुंगात, गोठ्यात एक वासरू, तेही विकावं लागतं. हा पोरगा जिंतूर-सेलूकडच्या कुठल्याही गावात भेटेल. समोर बेन: महागडी गाडी, धंदा काय ते कळत नाही. ओसाड ग्रीनहाउस जाळायचा छंद आहे म्हणतो. मग जोंग-सूची मैत्रीण हे-मी गायब होते आणि तो पहाटे शिवारातलं एकेक ग्रीनहाउस धावत तपासतो. घडत काहीच नाही, तरी छातीत धडधड.

लहानपणी विहिरीत पडले होते, असं हे-मी सांगते. विहीर होती की नव्हती, यावर एकमत नाही. (आमच्याकडे सातबारा काढला असता!)

हे-मीच्या गायब होण्याबद्दल बेनला दोषी धरायला पुरावा पुरत नाही, निर्दोष सोडायला मन धजत नाही. दिग्दर्शकाने हा निवाडा आपल्यावर टाकलाय. जरूर बघा, पण मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.