वारशाने आलेला विश्वास

दरवर्षी आमच्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग भरतो. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं पंधरा-सोळा वर्षांची झाली की या वर्गाला बसतात आणि शेवटी बिशप त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बाळाच्या वतीनं आईबापांनी दिलेली वचनं आता मुलानं स्वतःच्या तोंडानं द्यायची, असा हा विधी. नागपुरात पाळक म्हणून माझं बरंचसं आयुष्य या वर्गात गेलं. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार हे सगळं मुलं महिन्याभरात धडाधड पाठ करतात. "यातलं तू स्वतः काय मानतोस?" असं विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो. एकदा एका मुलीनं धीर करून विचारलं, "पास्टर, प्रार्थना करताना मला काहीच वाटत नाही. मग मी खोटी ख्रिस्ती आहे का?"

तिचा प्रश्न फार जुना आहे. करिंथच्या मंडळीला पौलानं लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो येतो. ती मंडळी पौल खरा प्रेषित आहे की नाही याची चौकशी करत बसली होती. पौलानं चौकशीचं तोंड त्यांच्याकडेच फिरवलं: आधी स्वतःला तपासा, तुम्ही विश्वासात आहात की नाही ते बघा. ही तपासणी ज्याची त्यानं करायची आहे. आमच्याकडे ती दुसऱ्याची करण्याचा उत्साह जास्त.

सरकारनंही ती करून पाहिली, तीही आमच्याच गावातून. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, 1954 साली, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. 1956 मध्ये तिचा अहवाल आला. बरीच धर्मांतरं आमिषानं होतात, असा त्याचा सूर होता. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्या दीक्षा सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांत नियोगीही होते. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तो प्रामाणिकपणा कोणत्या समितीला सिद्ध करता आला असता? आमिषाची चौकशी होऊ शकते, दमदाटीचीही. माणसाच्या आत काय घडलं हे साक्षीपुराव्यानं ठरत नाही.

आणि समजा, पणजोबा दुष्काळात भाकरीसाठीच मिशनच्या दारात आले. म्हणून पणतीचा विश्वास खोटा ठरतो? 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आपल्या या मध्य प्रांतातूनच शेकडो मुलींना पुण्याकडे नेऊन वाचवलं. त्या पोटासाठीच गेल्या, दुसरं काय करणार होत्या? माणूस दारातून का आत आला यापेक्षा आत आल्यावर काय झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

या बाबतीत रमाबाईंइतकी निर्भीड साक्ष मराठी ख्रिस्ती परंपरेत मला दुसरी दिसत नाही. सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्या संस्कृतच्या नावाजलेल्या पंडिता होत्या. पूर्ण विचारानं, कोणाच्याही दडपणाशिवाय त्यांनी हा निर्णय घेतला होता. तरी 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. धर्म पटला होता, पण ज्याच्यावर भार टाकायचा त्याच्यावर तो टाकला नव्हता. शारदा सदन चालवणाऱ्या, देशोदेशी नाव झालेल्या बाईनं हे छापून सांगणं सोपं नव्हतं. आमच्या साक्षीच्या सभांत लोक बहुधा बाप्तिस्म्याआधीच्या पापांबद्दल बोलतात. बाप्तिस्म्यानंतरच्या पोकळीबद्दल कोण बोलतं?

पण मी वर्गात रमाबाईंची दुसरी बाजू जास्त शिकवतो. त्यांना ख्रिस्ती शिक्षण देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रांतून वाद चालला. त्रैक्याचा सिद्धांत, मंडळीचा अधिकार, बिशपांचा शब्द, कशावरही त्या निमूट मान डोलवत नसत. भारतीय पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. इंग्लंडातही त्या शाकाहारीच राहिल्या. सिस्टरना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. ती पत्रं वाचताना मला सिस्टरची कीवही येते, कारण त्यांचं रमाबाईंवर खरं प्रेम होतं. पण उसन्या विश्वासासाठी माणूस असं भांडत नाही. तो दिलेलं घेतो आणि मागितल्यावर परत करतो. म्हणून माझ्या वर्गात प्रश्न विचारून भंडावणाऱ्या मुलाबद्दल मला काळजी वाटत नाही. सगळ्याला "हो" म्हणणाऱ्याबद्दल वाटते.

नारायण वामन टिळकांची गोष्टही नागपूरपासूनच सुरू होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक भुलले नाहीत. आधी वाचलं, पडताळलं, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे मिशनमध्ये उपदेशक झाले, कवी म्हणून गाजले. आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा सगळ्याच ख्रिस्तभक्तांना जागा होती. म्हणजे उतारवयात त्यांनी पुन्हा सगळं तपासून पाहिलं. लक्ष्मीबाई मात्र नवऱ्याच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 साली, पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांच्या सोवळ्याचा पीळ कसा सुटत गेला ते वाचावं. जातपात देवानं केलेली नाही हे आधी मनात ठरलं आणि मग कुणाच्याही हातचं पाणी चालू लागलं. त्यांना दर्शन झालं नाही, रडूनभेकून सभा गाजवली नाही. विश्वास त्यांच्या स्वयंपाकघरात उतरला, आणि या पुराव्यापुढे मला मोठमोठ्या साक्षी फिक्या वाटतात. योहानाच्या पहिल्या पत्रातली कसोटीही अशीच घरगुती आहे: समोर दिसणाऱ्या भावावर प्रेम नाही, तर न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाचं काय सांगता? विवाह जुळवताना पूर्वजांची जात हळूच विचारणाऱ्या आमच्या कुटुंबांनी ती स्वतःला लावून पाहावी.

विश्वास वारशाचा की स्वतःचा, हा पेच मंडळीच्या घटनेतही आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांत बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते आणि समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच पाण्यात उतरवणारे बाप्टिस्टही. दोघांचीही भूमिका तशीच राहू देण्यात आली. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, किंवा बाळाचं समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. बाहेरच्यांना ही तडजोड वाटते. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण दोन्ही वाटांवर एक जागा अशी ठेवली आहे जिथे आईबाप मागे थांबतात आणि मूल एकटं पुढे जातं.

त्या मुलीला मी सांगितलं की काही वाटणं हा पुरावा नाही आणि काही न वाटणं हाही नाही. मग तिला तीन गोष्टी विचारल्या. कोणी बघत नसताना प्रार्थना करतेस का? ख्रिस्तासाठी तुला कधी काही सोडावं लागलं का? आणि उद्या आईबाबांनी मंडळीत येणं बंद केलं, तर तू येशील का? पहिल्याचं उत्तर तिनं लगेच "हो" दिलं. दुसऱ्याला विचार करून एका मैत्रिणीला माफ केल्याचं सांगितलं. तिसऱ्याला म्हणाली, "माहीत नाही." मी तिला वर्षभर थांबायला सांगितलं. घरी नाराजी झाली. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, पांढरा ड्रेस शिवून झाला होता.

माझी पालकांना एवढीच विनंती आहे. तुमचं मूल "मला अजून वेळ हवा" म्हणालं, तर मंडळीत काय बोललं जाईल याचा विचार करू नका. ड्रेस मोठा करून घेता येतो. त्याला वर्ष द्या, दोन वर्षं द्या, आणि त्या काळात त्याच्यासमोर तुम्ही स्वतः कसे वागता तेवढं बघा.